हजेरीत नसलेले नाव

आई जाऊन वर्ष होत आले की समुपदेशनासाठी येणारी माणसे एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात. 'मला ती शेवटच्या आजारातलीच का दिसते? त्याआधीची आई कुठे गेली?' त्याला जोडून, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत, आणखी एक प्रश्न येतो आणि तो विचारताना आवाज खाली जातो. 'सगळे तिला देवमाणूस म्हणतात, माझ्या मनात मात्र तिच्याविषयी थोडा राग आहे. माझंच काही चुकतंय का?' हे दोन्ही प्रश्न घेऊन आलेल्या एका स्त्रीची हकिगत तिच्या संमतीने इथे लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि नावांऐवजी मी नातीच वापरणार आहे. लेक, नात, आणि जिच्यामुळे या दोघी माझ्यासमोर आल्या त्या बाई. बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. ३६ वर्षे त्यांनी शिकवले आणि त्यांच्या हाताखालून गेलेली शेकडो माणसे त्यांना शेवटपर्यंत याच एका शब्दाने हाक मारत होती.

लेक पहिल्यांदा आली ती कागदांची फाईल घेऊन. पन्नाशीला टेकलेली, हिशेबाच्या कामात मुरलेली, मोजके बोलणारी. बाईंच्या पहिल्या स्मृतिदिनी माजी विद्यार्थी एक स्मरणिका काढणार होते आणि तिच्यात पहिला लेख लेकीचा असावा अशी सर्वांची इच्छा होती. तिने अकरा वेळा लेख लिहायला घेतला होता आणि अकराही वेळा मध्येच सोडला होता. ते सर्व मसुदे मी तिच्यासमोर वाचले. प्रत्येकात बाई प्रेमळ, शिस्तप्रिय आणि कष्टाळू होत्या, विद्यार्थ्यांच्या आयुष्याला आकार देणाऱ्या होत्या, त्यागमूर्ती होत्या. पण त्या कुठे उभ्या आहेत, हातांनी काय करत आहेत, कोणाला काय म्हणत आहेत, हे एकाही मसुद्यात नव्हते.

'हे वाचून माझी आई दिसत नाही, कोणाचीही आई दिसते,' लेक म्हणाली. 'आणि डोळे मिटले की पलंगावर तोंड उघडं ठेवून झोपलेली आई दिसते. बाकीची सगळी पुसली गेली.'

तिने शोकाच्या पाच टप्प्यांविषयी कुठेतरी वाचले होते आणि आपण त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे रागाच्याच टप्प्यावर अडकलो आहोत अशी तिची समजूत झाली होती. या समजुतीने फार माणसांना विनाकारण कमीपणा येतो, म्हणून ती आधी दूर करावी लागते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये हे टप्पे मांडले ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते पुढे लावले गेले. ही शिडी क्रमाने चढून वर पोहोचलेला एकही माणूस मी माझ्या खोलीत पाहिलेला नाही.

शेवटचा चेहराच का दिसतो, याला मात्र समजण्यासारखी कारणे आहेत. बाईंच्या अखेरच्या आठ महिन्यांत लेक धड झोपली नव्हती, प्रत्येक रात्री श्वास चालू आहे ना हे पाहायला उठत होती. भीती आणि तीव्र भावना यांच्या सोबतीने जे पाहिले जाते ते मन फार घट्ट धरून ठेवते. त्यात ते दृश्य सर्वांत अलीकडचे आणि शेकडो वेळा पाहिलेले. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात केलेल्या प्रयोगांत असे दिसले की एखाद्या त्रासदायक अनुभवाचे मोल आपण त्यातल्या सर्वांत तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून ठरवतो आणि तो किती वेळ चालला याला जवळजवळ वजनच देत नाही. ते प्रयोग थोड्या वेळाच्या वेदनेवरचे होते, एका आयुष्यावरचे नव्हेत, हे मी लेकीला सांगितले. तरीही आठ महिन्यांनी आधीची ऐंशी वर्षे झाकून टाकावीत, यात तिच्या प्रेमाची उणीव नाही एवढे तिला पटले. आधीची आई पुसली गेलेली नसते, मागे उभी असते. तिला पुढे यायला वाट करून द्यावी लागते.

तिसऱ्या भेटीत लेकीने हजेरीची गोष्ट सांगितली. बाईंना शेवटची दोन वर्षे स्मृतिभ्रंश होता. दुपारी तीनच्या सुमारास त्या उशीला टेकून उठून बसत, अंगावरच्या चादरीची कड नीट सरळ करत, आणि ती कड म्हणजे हजेरीपट आहे असे धरून तिच्यावरून बोट खाली नेत एकेक नाव घेत. नाव घेतले की थांबत, वर पाहत, मग बोट पुढे सरके. तीसेक नावे होती आणि त्यांचा क्रम कधी चुकत नसे.

'त्यात माझं नाव कधीच आलं नाही,' लेक म्हणाली. 'मी तिथेच बसलेली असायचे. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं मी करत होते. एकदा न राहवून म्हटलं, आई, माझंही नाव घे ना. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, पालकांनी बाहेर थांबावं.'

इथे माझ्या हातून एक चूक झाली. ते ऐकून मलाच इतके वाईट वाटले की मी लगेच म्हणाले, 'ते आईचं बोलणं नव्हतं, आजाराचं होतं.' वैद्यकीय दृष्टीने हे बरोबर होते, पण लेक गप्प झाली आणि पुढची भेट तिने रद्द केली. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा तिने मला सुधारले. 'ते वाक्य मला नवीन नव्हतं. लहानपणी मी शाळेच्या व्हरांड्यात बसून असायचे. आई दुसऱ्यांच्या मुलांचं वाचन घेत असायची. ते आटोपलं की मग माझी पाळी. मी आयुष्यभर बाहेरच थांबले आहे.' दुःखी माणसाच्या मदतीला घाईने स्पष्टीकरण घेऊन धावू नये हे मला ठाऊक होते, तरी मी धावले. सांत्वनाची घाई पुष्कळदा ऐकणाऱ्याला स्वतःसाठीच असते.

मग आम्ही त्या हजेरीकडेच सावकाश पाहिले. स्मृती ढासळते तेव्हा अलीकडचे आधी जाते आणि जुने उशिरापर्यंत टिकते, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी १८८१ मध्येच नोंदवले होते. शिवाय दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात इतर वर्षांपेक्षा अधिक दाटीने येतात, असे आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. मी लेकीला एवढेच सुचवले की ती नावे कोणाची होती हे विचारून पाहावे. तिला ती सर्व पाठ झाली होती. स्मरणिकेचे काम पाहणाऱ्या गृहस्थांना तिने ती फोनवर सांगितली. ते काही वेळ बोललेच नाहीत. तो बाईंचा पहिला वर्ग होता, नोकरीच्या पहिल्या वर्षाचा, आणि यादीत सातवे नाव त्यांचे स्वतःचे होते. त्या वेळी लेकीचा जन्मही झालेला नव्हता.

हे कळल्यामुळे सल निघून गेला असे मी म्हणणार नाही. बाईंनी लेकीला विसरून इतरांना आठवले नव्हते; त्या अशा एका वर्षात जाऊन बसल्या होत्या जिथे लेक अजून यायची होती. ही समजूत खरी आहे आणि तिचा आधारही झाला, पण व्हरांड्यातली मुलगी तिच्याने उठून आत येत नाही. तिच्यासाठी वेगळे काम करावे लागले.

ते काम मसुद्यांपासूनच सुरू झाले. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसांना एखादा शब्द देऊन त्यावरून एक ठरावीक प्रसंग आठवायला सांगितले, तर ती पुष्कळदा 'असे नेहमीच व्हायचे' अशा मोघम सारांशावर थांबतात. पुढे नैराश्यात आणि लांबलेल्या शोकातही हे आढळले. प्रसंगात शिरले की दुखते, म्हणून मन वरवरच थांबते, हे त्याचे एक कारण मानले जाते. प्रेमळ, शिस्तप्रिय, कष्टाळू ही तीन विशेषणे म्हणजे असे वरवर थांबणेच होते. म्हणून मी लेकीला एक बंधन घातले. दर भेटीला तिने आईचा एक प्रसंग आणायचा. तो एकाच दिवसाचा, एकाच जागेचा, फार तर दहा मिनिटांचा असावा आणि त्यात एकही विशेषण नसावे. शिवाय तीनांतला एक प्रसंग असा असावा की जो स्मरणिकेत छापता येणार नाही असे तिला वाटते. या शेवटच्या अटीवर माझा विशेष भर असतो. ज्या माणसावर रागवायची परवानगी नाही त्या माणसाला नीट आठवताही येत नाही, असा माझा अनुभव आहे.

पहिले दोन प्रसंग कोरडे होते. तिसऱ्या वेळी लेकीने एक पत्र आणले.

सतरा वर्षांची असताना ती शिक्षणासाठी घरापासून लांब राहायला गेली होती आणि दर आठवड्याला आईला पत्र लिहीत असे. आई उत्तर पाठवी आणि त्याच पाकिटात लेकीचे पत्र परत पाठवी, ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने दुरुस्त करून. मी ते पत्र हातात घेतले. निळ्या अक्षरांत एक ओळ होती, 'आई, मी इथे खुश नाही.' 'खुश'मधला उकार खोडून तांबड्या शाईने दीर्घ केला होता. त्या ओळीवर याखेरीज काही नव्हते, आणि आईच्या उत्तरातही त्या वाक्याविषयी एक शब्द नव्हता.

'मी खूश नाही हे तिने वाचलंच नाही. उकार वाचला,' लेक म्हणाली. ती वर्षभरात पहिल्यांदाच मोठ्याने रडली, आणि ते रडणे आईच्या जाण्याचे जितके होते तितकेच त्या सतरा वर्षांच्या मुलीचे होते.

मी पत्र उजेडात धरले. दुरुस्त केलेल्या शब्दापुढे, जिथे काहीही सुधारायचे नव्हते अशा कोऱ्या जागेवर, तांबड्या शाईचा एक ठिपका होता. नुसता स्पर्श नव्हे. शाई कागदात उतरून मागच्या बाजूला पसरली होती, पेनाचे टोक एका जागी टेकून राहिले की पसरते तशी. बाकी संपूर्ण पत्रात असा ठिपका कुठेही नव्हता. मी तो लेकीला दाखवला आणि गप्प राहिले.

तिने बराच वेळ त्यावर बोट ठेवले. 'थांबली होती की काय?'

मी उत्तर दिले नाही. मला ते माहीत नव्हते, आणि तिलाही ते निश्चित कळण्याचा मार्ग आता उरला नव्हता. थोड्या वेळाने मी फक्त विचारले, 'या पत्रानंतर आई भेटायला आल्या होत्या का?' ती आठवू लागली. 'आली होती. पुढच्याच रविवारी. काही बोलली नाही. माझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालून दिली, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. मला तेव्हा फार राग आला होता. अजूनही येतो थोडा.' मग तिने स्वतःच भर घातली, 'पण तिच्या हाताला लागलेला गोंद आत्ता मला दिसतोय. अंगठ्याने खरवडत होती.'

पलंगावरच्या चेहऱ्यामागून वर्षभरात पुढे आलेली ही पहिली आई. ती गोड नव्हती, पण तिच्या अंगठ्याला गोंद लागलेला होता आणि ती दुसऱ्या कोणाचीही आई नव्हती.

नातेवाइकांचा एक सल्ला या काळात लेकीला सारखा मिळत होता, की आता तिला सोडून द्यायला शीक. या सल्ल्याला जुनी वंशावळ आहे. फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये शोकाचे काम सांगितले ते गेलेल्या माणसात गुंतलेले मन हळूहळू सोडवून घेणे असे. पण त्यांची मुलगी सोफी १९२० मध्ये वारली आणि तिच्यानंतर नऊ वर्षांनी, १९२९ मध्ये, अपत्य गमावलेल्या आपल्या बिन्सवांगर या स्नेह्याला लिहिताना त्यांनी कबूल केले की तीव्र दुःख ओसरते, तरी गेलेल्या माणसाला पर्याय कधीच सापडत नाही, आणि तसेच असणे योग्य आहे. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ मध्ये शोकाकडे पाहण्याची दिशाच बदलली. गेलेल्या माणसाशी नाते तोडणे आवश्यक नसते, ते रूप बदलून चालू राहू शकते, असे त्यांनी पुढे आणले. मी याच बाजूची आहे. रागही त्या चालू नात्याचाच भाग असतो. आई जिवंत असताना लेक तिच्याशी भांडली नसती का?

एखाद्या दिवशी कामाच्या गडबडीत आईची आठवणच आली नाही म्हणून तिला अपराधी वाटे, तेही सांगितले पाहिजे. मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांच्या १९९९ च्या मांडणीप्रमाणे शोक करणारा माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे असा आलटून पालटून जात असतो, आणि हे हेलकावेच त्याला सावरतात. आईचा आवाज आठवेनासा झाला ही भीतीही तशीच सर्वत्र आढळणारी आहे. आवाज स्मृतीत पुष्कळांचा लवकर फिका होतो; त्यावरून मायेचे माप काढू नये.

मात्र प्रत्येक शोक असा नसतो. दुःखाची तीव्रता महिनोन्‌महिने जराही न ओसरता रोज तशीच राहिली, काम, झोप, माणसांत मिसळणे हे सगळे बंद पडले, तर तो वेगळा त्रास असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकार अशी स्वतंत्र नोंद आहे आणि त्यासाठी किमान ६ महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकन मनोविकार संघटना प्रौढांसाठी १२ महिने धरते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाला भेटावे, आणि जगणे नको वाटत असेल तर कसलीही मुदत न मोजता त्याच दिवशी भेटावे. लेकीचे तसे नव्हते. ती काम करत होती, हसत होती, फक्त तिला लेख लिहिता येत नव्हता.

स्मरणिकेसाठी येणारे विद्यार्थ्यांचे लेख वाचणे तिला जड जात होते. एकाने लिहिले होते की त्याला अक्षरे उलटी दिसत आणि बाईंनी वर्षभर रोज शाळा सुटल्यावर थांबून त्याला वाचायला शिकवले. लेक म्हणाली, 'त्याने साल लिहिलंय. त्या वर्षी मी आठ वर्षांची होते. तो वेळ माझा होता.' मी म्हणाले, 'हो, तुमचाच होता.' याहून अधिक काही बोलायचे मला सुचले नाही आणि सुचायला नकोच होते. चांगल्या शिक्षकाच्या ऋणात शेकडो माणसे असतात आणि ते ती मनापासून बोलूनही दाखवतात, पण त्या ऋणातला काही भाग शिक्षकाच्या स्वतःच्या मुलांनी भरलेला असतो. त्यांचे आभार सहसा कोणी मानत नाही.

आणि मग नात आली. सोळा वर्षांची. आजी गेल्यापासून ती तिच्याविषयी काहीच बोलत नाही, म्हणून लेकच तिला घेऊन आली होती. घरात मृत्यू झाला की सगळे आईवडिलांच्या वयाच्या माणसांना धीर देतात. नातवंडांचे दुःख वयाच्या हिशेबाने लहान धरले जाते. मी नातीला तिच्या मनात काय चालले आहे असे विचारले नाही. आजीबरोबरची एखादी दुपार सांग, एवढेच म्हटले.

'मी हजर म्हणायचे,' ती म्हणाली.

लेकीला कळले नाही. मलाही नाही.

'आई दुपारी डुलकी काढायची तेव्हा मी बसायचे. आजी नाव घ्यायची आणि थांबायची. कोणी बोललं नाही की तिचा चेहरा पडायचा. मग मी हजर म्हणायला लागले. प्रत्येकाचा आवाज वेगळा काढायचे. एका मुलाला मी बोबडा केला होता, तिला तो बरोबर वाटायचा. सगळे हजर झाले की ती म्हणायची, शाबास, वह्या काढा. आणि झोपायची.'

लेक तिच्याकडे पाहत राहिली. 'मला कधी सांगितलं नाहीस.'

'तुला वाईट वाटलं असतं. तू तुझ्या नावाची वाट बघायचीस.'

'आणि तुझं नाव घ्यायची ती?'

'नाही,' नात म्हणाली. 'पण मी सगळी मुलं झाले होते ना.'

लेकीने तिचा हात धरला. त्या भेटीत मी आणखी काही बोलल्याचे मला आठवत नाही. एकाच पलंगाशी, एकाच चादरीच्या कडेशी, दोघी आठ महिने वेगवेगळ्या वेळी बसत होत्या, आणि एकीला ती वर्गाबाहेरची जागा वाटत होती, तर दुसरी वर्गात शिरून तीस मुले होऊन बसली होती. पुढच्या दोन भेटींना दोघी बरोबरच आल्या आणि नातीने आपल्या आजीच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की त्यातल्या निम्म्या लेकीने कधी ऐकल्या नव्हत्या.

बारावा मसुदा चार दिवसांत झाला. तो 'दुपारी तीनला आई हजेरी घ्यायची' या वाक्याने सुरू होत होता. त्यात पहिल्या वर्गाची सर्व नावे क्रमाने होती, 'पालकांनी बाहेर थांबावं' होते, अक्षरे उलटी दिसणारा मुलगा आणि व्हरांड्यात बसलेली मुलगी एकाच परिच्छेदात होते, वह्यांची कव्हरे आणि अंगठ्याचा गोंद होता, आणि नातीचे वेगवेगळे आवाज होते. पलंगावरचा उघड्या तोंडाचा चेहराही एका ओळीत होता. प्रेमळ हा शब्द कुठेही नव्हता.

शेवटच्या भेटीत लेक छापायला गेलेल्या लेखाची प्रत मला दाखवायला घेऊन आली. पत्राच्या प्रसंगापाशी मी थांबले. तिथे तिने सतराव्या वर्षी लिहिलेले वाक्य जसेच्या तसे दिले होते, 'आई, मी इथे खुश नाही,' ऱ्हस्व उकारासकट. मी त्या शब्दाकडे बोट केले, तशी ती म्हणाली, 'मुद्रितं तपासणाऱ्यांना सांगून ठेवलंय, तो तसाच राहू द्या. त्याची दुरुस्ती झालेली आहे.'